चला पाव्हणे, इथंच तर आहे!

आमचे साडू मोजणी खात्यातून निवृत्त झाले. उभं आयुष्य लोकांच्या बांधावर साखळी ओढण्यात गेलं. वीतभर इकडचं तिकडं झालं की सख्ख्या भावांत कुऱ्हाडी निघायच्या, त्यामुळं त्यांचं माप कधी चुकलं नाही. हाच माणूस पाहुण्याला छत्रपती संभाजीनगर दाखवायला निघाला की त्याच्याकडं अंतराचं एकच माप उरतं, "इथंच तर आहे."

"रिक्षातून काय दिसतं हो? रिक्षावाल्याचं डोकं!" हे त्यांचं तत्त्वज्ञान. जुनं शहर बघायचं तर पायी. तेही मे महिन्यात. आमची परभणी म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे, पण तिथं ऊन आम्ही खिडकीतून बघतो. बायकोला विचारलं, "येतेस का?" ती आणि तिची बहीण एका सुरात म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन." चुलीवर कुरडयांचा चीक रटरटत होता आणि तो हलवायला दोन बायका लागतातच, असं मला त्या दिवशी कळलं.

सिटी बसनं औरंगपुऱ्यात उतरलो आणि पैठण गेटला साडूंनी पहिलं वाक्य टाकलं, "हे बावन्न दरवाज्यांचं शहर." माझ्या पोटात गोळा आला. एक झाला, उरले एक्कावन्न! पुढं टिळक पथावर गर्दीतून वाट काढताना खुलासा झाला की त्यातले बरेच कधीच पडले, आता मोजकेच उभे आहेत. वारसा जपणाऱ्या मंडळींनी क्षमा करावी, पण मला फार बरं वाटलं.

गुलमंडीवर सुपारी हनुमानाला नमस्कार केला. साडूंनी काय मागितलं माहीत नाही, मी रिक्षा मागितली. मारुती पावलाही. सराफ्याच्या पुढं एक रिक्षा आपण होऊन शेजारी येऊन थांबली.

"कायकू पैदल जा रै चचा, बैठो ना."

"नक्को नक्को, इधरीच तो है," साडू म्हणाले. रिक्षावाल्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तसं लोक मयताच्या मागं चालणाऱ्याकडं बघतात.

तसं बघितलं तर माणसांना पायी चालवायची या भागाची परंपरा जुनीच. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची माणसं दौलताबादला आणली. इब्न बतूता लिहितो, चाळीस दिवसांची वाट. तुघलकानंही निघताना "इथंच तर आहे" असंच सांगितलं असणार. शहागंजच्या बाजूला नान-खलियाचा, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचा, वास सुटला होता. हा पदार्थ तुघलकाच्या लष्कराबरोबर इकडं आला म्हणतात. म्हणजे त्या लोकांना चालवलं तरी जेवायला घातलं. आमचे साडू माळकरी. त्यांनी मला उसाचा रस पाजला, तोही हाफ.

भडकल दरवाज्याला पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर. "१६१२ चा आहे बरं का! मलिक अंबरानं मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. सगळ्यांत उंच हाच." साडू कमानीची उंची दाखवत होते, मी सावलीची लांबी शोधत होतो. भर दुपारी एवढ्या उंच दरवाज्याची सावलीही त्याच्या पायाशीच गोळा होऊन बसलेली असते. तिथं आधीच दोन कुत्री होती. त्यांनी जागा दिली.

पाणचक्कीला मात्र मी मनापासून थांबलो. वडाची दाट सावली, समोर हौद, त्यात मासे, आणि उंच भिंतीवरून हौदात पडणारं पाणी. गावाबाहेरच्या डोंगरातलं हे पाणी खापराच्या नळ्यांतून आणलेलं. पंप नाही, वीज नाही. नुसत्या उताराच्या जोरावर ते भिंतीच्या उंचीपर्यंत चढायचं आणि त्यावर जातं फिरायचं. शेजारच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, म्हणून खाली गारवा. मी म्हणालो, "काय डोकं चालवलंय हो!"

साडू सकाळपासून पहिल्यांदा गप्प बसले. पाण्याकडं बघत म्हणाले, "आमच्याकडं आठव्या दिवशी येतं."

आजचा दिवसही त्यांनी त्या हिशेबानंच काढला होता. पाण्याच्या वारी त्यांच्या कॉलनीत कुणी पाहुणा फिरवत नाही. काहींनी तर साखरपुड्याची तारीख नळाला विचारून धरलेली.

मग महमूद दरवाजा, मग बेगमपुरा. बीबी का मकबरा कुठं आहे, हे मी विचारणं सोडून दिलं होतं, कारण उत्तर पाठ होतं. वाटेत साडूंनी माहिती दिली की औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं आईसाठी, दिलरास बानूसाठी हा बांधला आणि खर्चाची नोंद ६,६८,२०३ रुपये ७ आणे आहे. सात आण्यांवर त्यांचा विशेष जोर. खात्याची सवय, दुसरं काय.

तिकिटं काढली. आतला पांढरा घुमट दरवाज्यातून दिसायला लागला आणि साडूंचा फोन वाजला. पलीकडून मेहुणीबाईंचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, "अहो, पाणी आलं! एक दिवस आधीच आलं!"

साडू वळले आणि अर्धा रस्ता ओलांडून ओरडले, "ओ रिक्षा!"

रिक्षावाल्यानं दोनशे सांगितले. म्हणाला, बहोत दूर है. साडू म्हणाले, "सहा किलोमीटर आठशे मीटर आहे. जालना रोडनं गेलास तर सात-शंभर. मीटरनं चल."

घरी पोचलो तर वीज गेलेली. मोटर बंद, टाकी तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, आणि नळ तासाभरात जाणार. पंपाशिवाय पाणी वर चढवायचं काम मग आम्ही दोघांनी हाती घेतलं, बादल्यांनी. गच्चीत पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडं कुरडया. आणि खालून दोघी बहिणी ओरडतायत, "जपून हो! कुरडयांवर पाणी सांडू नका!"