कॉलेजजवळ राहून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका

माटुंग्याच्या कॉलेजात ॲडमिशन झाली आणि घर डोंबिवलीला आहे? अभिनंदन. आता कुणीतरी हितचिंतक सांगेल, "रोजचं हे जाणं-येणं झेपायचं नाही, तिथेच खोली बघा." त्याच्यापासून चार हात लांब राहा. कॉलेजजवळ राहणाऱ्या मुलाला मिळतं काय? सात-आठ तासांची झोप, संध्याकाळी उशिरापर्यंत लायब्ररी, आणि प्रॅक्टिकल लांबलं तरी घड्याळाकडे न बघण्याची चैन. अशा सवयी लागलेल्या पोराचा या शहरात पुढे निभाव कसा लागायचा?

साधा हिशेब करा. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत दीड तास, परत दीड तास. वर्षाचे 180 दिवस धरले तर 540 तास, तीन वर्षांचे 1620. नव्या शैक्षणिक धोरणात प्रात्यक्षिकाच्या 30 तासांना एक क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजायचं एक एकक, आहे. म्हणजे तुमची 54 क्रेडिट रुळांवरच जमली. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 लागतात, तेव्हा जवळपास अर्धे पदवीधर तुम्ही कुर्ल्याच्या पुलावरच होता. विद्यापीठाने मार्कशीटवर तेवढा रकाना अजून काढलेला नाही, इतकंच.

अभ्यासक्रमाची सुरुवात कन्सेशनपासून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या रेल्वे पासाच्या सवलतीपासून. कॉलेजच्या ऑफिसात आयकार्ड आणि पत्त्याचा पुरावा दाखवायचा, शिक्क्याचा फॉर्म घ्यायचा, तो स्टेशनच्या खिडकीवर देऊन सेकंड क्लासचा पास काढायचा. महिन्याचा काढू नका, तिमाही काढा. तीन मासिक पासांच्या बेरजेपेक्षा तो स्वस्त पडतो आणि रांग एकदाच लागते. फॉर्मला थोड्याच दिवसांची मुदत असते, त्यामुळे "शनिवारी जाऊ निवांत" म्हणणाऱ्याला ऑफिसात पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागतं. शिक्का पुसट आला, नावाचं स्पेलिंग आयकार्डाशी जुळलं नाही, आधारवर अजून जुना पत्ता असला, की खिडकीतला हात फॉर्म तसाच बाहेर सरकवतो. पास मिळाल्यावर आयकार्ड कपाटात ठेवू नका. टीसीला दोन्ही बघायचं असतं.

पास घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजजवळच्या स्टेशनपर्यंतच मिळतो, आणि खरं शिक्षण इथूनच सुरू होतं. डोंबिवलीला कल्याणहून येणारी फास्ट, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी लोकल, आधीच गच्च भरलेली असते. डोंबिवलीहून सुटणारी लोकल आहे म्हणून खूश व्हावं, तर ती कोपर-दिव्याहून उलट येऊन बसलेल्या मंडळींसकट फलाटाला लागते. तुम्हीही तसं करू शकता, कोपर-दिवा तुमच्या पासातच येतं; पण उलट कल्याणपर्यंत जायचं म्हटलं तर पास चालत नाही. दुसऱ्या टोकाला तोच प्रकार. फास्ट माटुंग्याला थांबतच नाही. ती दादरला थांबते, आणि दादर तुमच्या पासाच्या एक स्टेशन पुढे. दादरला उतरून एक स्टेशन मागे यायचा मोह होतो. पुलावर टीसी उभा असतो आणि दंड किमान 250 रुपये, वर भाडं वेगळं. त्यात 2023 च्या डिसेंबरपासून दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 ते 14 असे नंबर दिले आहेत. जुन्या प्रवाशाला विचारलंत तर तो अजून जुनाच नंबर सांगतो, आणि तोही ठामपणे.

म्हणून घाटकोपर किंवा कुर्ल्याला फास्ट सोडून स्लो पकडायची. कुर्ल्याला उतरायचं असेल तर घाटकोपर जाईपर्यंत थांबू नका, घाटकोपर यायच्या आधीच पुढच्याला "कुर्ला?" विचारून दाराकडे सरका. तो "दादर" म्हणाला तर जागा अदलाबदल करून घ्या. फलाट कोणत्या बाजूला येणार ते पहिल्या आठवड्यात पाठ करा. बॅग पोटावर, मोबाईल बॅगेत. डोंबिवलीहून थेट स्लोने आलं तर ही कसरत वाचते, वीसेक मिनिटं जास्त जातात. पण वीस मिनिटं वाचवण्यासाठी जीव टाकला नाही तर तुम्ही डोंबिवलीकर कसले?

एक सूचना मात्र उपरोध बाजूला ठेवून: दारात लटकू नका. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून माणसं पडली आणि गेली. एक लेक्चर बुडू द्या.

पावसाळा हा ऐच्छिक विषय. सायन-कुर्ल्याचा पट्टा सखल, पाणी चढलं की पॉइंट आणि सिग्नल बंद पडतात आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. हजेरीच्या 75 टक्क्यांत याची सूट धरलेली नाही. माटुंग्यात राहणारा मुलगा त्या दिवशी छत्री घेऊन चालत कॉलेजात जातो आणि हजेरी लावून येतो. बिचाऱ्याला सांगायला काहीच नसतं.

इतकं समजावूनही खोलीच हवी असेल, तर ती निवड तुमची. म्हणजे निवड आहे असं समजून चालू. हॉस्टेलच्या जागा मोजक्या, आणि त्या बाहेरगावच्या मुलांच्या. डोंबिवली हे बाहेरगाव नाही, हे तुम्हाला तिथे प्रथमच कळेल. मग कॉलेजजवळच्या वस्त्या: हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन. पूर्ण खोलीचं भाडं विचारू नका, उगाच बाबांचं ब्लडप्रेशर. कॉट बेसिसवर विचारा. एका खोलीत तीन कॉट, कपाटाचा एक कप्पा, फ्रिजचा अर्धा. वर डिपॉझिट, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, अकरा महिन्यांचा करार. तो नोंदवून घ्या, कायद्याने नोंदणी लागते. "आपल्यात कशाला कागद" म्हणणारा मालक डिपॉझिट परत देतानाही हेच म्हणतो. करारात मे महिनाही असतो. तेव्हा तुम्ही डोंबिवलीला आंबे खात असता आणि कॉटचं भाडं चालू असतं.

यापेक्षा स्वस्तातला मार्ग म्हणजे जवळ राहणाऱ्या एकाशी पहिल्याच महिन्यात घट्ट मैत्री. एप्रन आणि ड्रॉइंग शीट त्याच्याकडे राहतात, सोमवारचं सबमिशन असताना रविवारच्या मेगाब्लॉकला, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद असतात तेव्हा, आदल्या रात्रीच तिथे मुक्काम ठोकता येतो. फक्त चौघांनी एकदम जाऊ नका. पीजीत, म्हणजे पेइंग गेस्टच्या खोलीत, रात्री पाहुणा ठेवायला मनाई असते, आणि कापलं जातं ते त्याचं डिपॉझिट.