बिनपिस्तुलाचा अधिकारी

प्रोबेशन ऑफिसर आणि सुटलेला गुन्हेगार अशी जोडी घेऊन मराठीत थरारकथा लिहायची म्हटली, की एक ठरलेलं मत पुढे येतं. रहस्यकथा वाचणाऱ्यांच्या गप्पांत ते इतक्या वेळा फिरलंय की आता कुणी ते तपासूनही पाहत नाही. मत असं: हा परदेशी माल आहे, आपल्याकडे असा अधिकारी नसतोच. असलाच तर त्याच्याकडे ना पिस्तूल ना अटकेचा अधिकार, मग थरार आणणार कुठून? शिवाय एकदा गुन्हा केलेला माणूस पुन्हा करणारच, तेव्हा शेवट पहिल्या पानावरच कळतो. आणि त्याने नाही केला, तर कथा म्हणजे गुन्हेगाराची आरती.

यातल्या पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, बाकीचे तीन मला साफ चुकीचे वाटतात. हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण असलं मत ऐकून नव्याने लिहू पाहणारी मुलं मुकाट्याने पुन्हा इन्स्पेक्टर आणि माथेफिरू खुनी यांच्याकडे वळतात. मराठी गुन्हेकथेत पोलीस ठाणं खूप झालं. कोर्टाच्या मागच्या बाजूचं या अधिकाऱ्याचं छोटं टेबल अजून कुणी नीट पाहिलेलंच नाही.

तर पहिला मुद्दा, असा अधिकारी आपल्याकडे नाही. आहे, आणि फार वर्षांपासून आहे. मुंबई प्रांताने गुन्हेगारांच्या परिविक्षेचा, म्हणजे शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा (प्रोबेशनचा) कायदा १९३८ साली केला. देशभरासाठीचा कायदा १९५८ चा. आपल्याकडच्या कागदपत्रांत या माणसाला परिविक्षा अधिकारी म्हणतात आणि महाराष्ट्रात तो गृहखात्याचा नसून महिला व बालविकास विभागाचा असतो. हा तपशील लेखकाने नीट धरून ठेवावा. हा माणूस पोलिसांच्या साखळीतला नाही, ठाण्यात त्याला कुणी सॅल्यूट ठोकत नाही, तरी कायद्याने तो लोकसेवक आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकांचे, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांचे, सामाजिक तपासणी अहवालही हेच अधिकारी करतात, म्हणजे कालचा निरीक्षणगृहातला मुलगा आणि आजचा वीस वर्षांचा आरोपी त्यांनी दोन्ही वयांत पाहिलेला असू शकतो.

आता तथ्य कुठे आहे ते. परदेशी चित्रपटांत तुरुंगातून बाहेर आलेला माणूस दर आठवड्याला ज्याच्यासमोर हजर होतो, तो बहुतेक वेळा पॅरोल ऑफिसर असतो. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्हीत पक्का कैदी ठरावीक दिवसांसाठी बाहेर येतो आणि हजेरी लावायची असेल तर ती पोलीस ठाण्यात लावतो. शिक्षा भोगून कायमचा सुटलेल्या माणसावर नजर ठेवणारा वेगळा पॅरोल ऑफिसर आपल्या व्यवस्थेत नाही. त्यामुळे तिकडचं पात्र उचलून इथे बसवलं तर ते खोटं दिसेल, हा आक्षेप मान्य.

पण म्हणून जोडीच मोडीत काढायची गरज नाही. आपल्याकडचा परिविक्षेवर सुटलेला माणूस जास्त गुंतागुंतीचा आहे. त्याचा गुन्हा सिद्ध झालाय, न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवलंय, पण शिक्षा अजून सुनावलेलीच नाही. १९५८ च्या कायद्याच्या कलम ४ खाली तो चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र लिहून देतो, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. या काळात बोलावलं की यायचं आणि शिक्षा सांगितली तर ती भोगायची, असं त्याने कबूल केलेलं असतं. कोर्टाने देखरेखीचा हुकूम दिला तर ती देखरेख किमान एक वर्षाची. तो मोकळा फिरतो, चहा पितो, कामावर जातो आणि शिक्षा डोक्यावर टांगलेली असते. थरारकथा लिहिणाऱ्याने यापेक्षा वेगळं काय मागावं?

दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: हातात काही नाही म्हणून थरार नाही.

या पेशाची सुरुवातच पाहू. १८४१ साली बॉस्टनच्या कोर्टात जॉन ऑगस्टस नावाचा जोडे शिवणारा कारागीर बसला होता. एका फाटक्या, अट्टल दारुड्याला समोर आणलं गेलं. त्याला सुधारगृहात पाठवणार हे उघड होतं. ऑगस्टसने त्याच्याशी दोन शब्द बोलून त्याचा जामीन घेतला. कोर्टाने तीन आठवड्यांची मुदत दिली. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीत आणि नीटनेटका असा कोर्टात उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला नाममात्र एक सेंट दंड आणि कोर्टाचा खर्च एवढ्यावर सोडलं. पुढची सतरा-अठरा वर्षं ऑगस्टसने हेच केलं आणि जवळपास दोन हजार माणसांचा जामीन घेतला. त्याच्याकडे कुठलं पद नव्हतं, पगार नव्हता, हत्यार तर नव्हतंच. पण ते तीन आठवडे डोळ्यांसमोर आणा. एका अनोळखी दारुड्याच्या मनगटावर आपली पत टांगलेली, आणि गल्लोगल्ली गुत्ते उघडे.

आपल्या कायद्यात हा ताण कुठे कुठे भरलाय ते पाहण्यासारखं आहे. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो आणि तरीही तुरुंगच द्यायचा तर कारणं लिहायची असतात. हा अहवाल कलम ७ प्रमाणे गोपनीय. कोर्टाला वाटलं तर त्यातला सारांश आरोपीला सांगता येतो, पण अहवाल त्याच्या हातात देण्याचं बंधन नाही. म्हणजे आपल्याबद्दल कुणीतरी चार पानं लिहिलीत, त्यावर आपलं तारुण्य ठरणार आहे, आणि त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही.

पुढे कलम ९. बंधपत्राची अट मोडल्याचं अधिकाऱ्याने कळवलं, किंवा कोर्टाला दुसरीकडून समजलं, तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. मग दोन वाटा. मूळ गुन्ह्याची शिक्षा तिथल्या तिथे सुनावता येते. किंवा पहिलीच चूक असेल तर जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड करून बंधपत्र चालू ठेवता येतो. एका बाजूला वर्षानुवर्षांचा तुरुंग, दुसऱ्या बाजूला पन्नास रुपये, आणि मधे एका सरकारी माणसाची दोन ओळींची टिप्पणी. पिस्तूल रोखलेलं दाखवण्याची गरजच काय?

मी एक प्रसंग मनाशी मांडून पाहतो. विशीतला पोरगा, कामाच्या ठिकाणच्या गोदामातून तांब्याची तार चोरताना सापडलेला, आता परिविक्षेवर. अधिकारी बाई न कळवता घरी येतात. दोन खोल्या. आई लगबगीने खुर्ची पुसते, "बसा ना मॅडम," म्हणते. दाराच्या मागे बुटांचा जोड, कोरा करकरीत, त्याच्या पगारात न बसणारा. बाईंची नजर तिथे जाते. आईची नजर बाईंच्या नजरेवर असते. आई पायानेच दार थोडं मागे सरकवते, बूट झाकले जातात. "पाणी आणते मॅडम." कुणीच बुटांबद्दल बोलत नाही. संध्याकाळी बाई टेबलाशी बसतात. वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहायचं? बूट मित्राचे असतील, हप्त्यावर घेतलेले असतील. नसतीलही. त्या "समाधानकारक" लिहितात. पंधरा दिवसांनी दुसरं गोदाम फुटतं. आणि पोराच्या जुन्या टोळीतला एकजण बाईंना रस्त्यात गाठून विचारतो, "काय मॅडम, बूट पाहिले होते ना?"

इथून पुढची दोनशे पानं एकही गोळी न झाडता निघतील. पोरगा खरंच गोदाम फोडायला गेला होता की नाही, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत दाबून ठेवता येईल. बाईंनी आता खरं सांगितलं तर आपणच आधी खोटं लिहिल्याचं उघड होतं. गप्प राहिल्या तर टोळी त्यांच्याकडून पुढचा अहवालही हवा तसा लिहून घेणार. कायद्याने या अधिकाऱ्यावर आणखी एक काम टाकलंय, देखरेखीखालच्या माणसाला नोकरी शोधायला मदत करण्याचं. म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासाठी मालकासमोर शब्दही बाईंनीच टाकायचा. पहारेकरी आणि पालक एकाच अंगात. इन्स्पेक्टरच्या वाट्याला अशी कोंडी येत नाही, म्हणूनच मला हे पात्र इतकं मोलाचं वाटतं.

तिसरा मुद्दा, एकदाचा गुन्हेगार कायमचा गुन्हेगार. कथेच्या बाजूने याचं उत्तर छोटं आहे. माणूस पुन्हा घसरणार की नाही हे ठाऊक नसणं हाच या कथेचा श्वास आहे. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याने ती लिहू नये.

पण हे मत कथेपुरतं राहत नाही, म्हणून थोडं थांबतो. आपल्या देशाने या समजुतीचा कायदा करून पाहिलाय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काही करण्याआधीच, जन्मावरून त्याला गुन्हेगार ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवण्याच्या वसाहतीत, तारांच्या कुंपणामागे घरं होती आणि हजेरी देणं चुकत नव्हतं. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली, तो कायदा गेला आणि ती माणसं विमुक्त म्हणवली जाऊ लागली. कायदा गेला तरी चोरी झाली की आधी त्यांच्याच वस्तीत शिरायची सवय सहजी गेली नाही. "पुन्हा करणारच" हे वाक्य सहज तोंडात येतं तेव्हा त्यामागे हे कुंपण उभं असतं.

आणि उलट बाजूचा प्रयोगही आपल्याच मातीतला आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सोबत मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता. तिथे कैदी भिंतीवाचून, शेती करत, बायकामुलांसह राहू लागले. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' केला, लेखन गदिमांचं. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि एक निःशस्त्र जेलर. परिविक्षेचा केंद्रीय कायदा त्यानंतरच्याच वर्षी आला. अधिकारी आणि कैदी यांच्यातल्या विश्वासाची गोष्ट परदेशी, असं म्हणणाऱ्यांनी आटपाडीचा रस्ता धरावा. ही वसाहत आजही तिथे आहे.

राहिला चौथा मुद्दा, उदात्तीकरणाचा. या आक्षेपामागची भीती मला समजते. गुंडाला नायक करणाऱ्या कथा आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यांत ज्याचं घर लुटलं त्याला एक संवादही मिळत नाही. पण परिविक्षेची कथा प्रामाणिकपणे लिहिली तर तिला तसं वागताच येत नाही. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला ही सवलत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातही अठरा वर्षांवरच्या दोषीला, किरकोळ अपवाद वगळता, ती मिळत नाही. कलम १२ दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता दूर करतं, पण दोषी ठरल्याचा निकाल खोडत नाही. तेव्हा "सुटला, सगळं माफ" असं ज्या कथेत असेल, ती कायद्याच्या बाजूनेही चुकलेली असते.

शिवाय ज्याचं नुकसान झालं तो माणूस या कथेत आपोआप येतो. परिविक्षेवर सोडताना कोर्ट कलम ५ खाली नुकसानभरपाई द्यायला लावू शकतं आणि ती भरायला मदत करणं, सल्ला देणं हे अधिकाऱ्याचंच काम. तुरुंगात गेलेला चोर फिर्यादीच्या डोळ्यांआड होतो. परिविक्षेवरचा त्याच गावात राहतो, कारण सोडताना कोर्ट त्याचं किंवा त्याच्या जामीनदाराचं राहण्याचं पक्कं ठिकाण किंवा नेमाचा कामधंदा आहे ना, हे पाहतं. तो त्याच रस्त्याने कामावर जातो, त्याच दुकानात उभा राहतो.

माझ्या त्या पोराला मी एकदा तरी कोर्टाच्या आवारात उभा करीन, भरपाईचे पैसे भरायच्या दिवशी. खिडकीपुढे रांग आहे. त्याच्या पुढे तिसरा माणूस गोदामाचा मालक आहे, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आलेला. पोराने नोटा मुठीत घट्ट धरल्यात. मालक मागे वळतो, आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग खाली, पायांकडे. पोरगा जुन्या चपलांवर आलाय.