‘नावाची पाटी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

प्रभूमध्ये नमस्कार.

ख्रिस्ती लेखकांनी वाचकांसाठी स्वतःची वेबसाइट कशी उभारावी, या माझ्या लेखावर ‘एक सेवक’ या नावाने आपली प्रतिक्रिया आली. आपण लिहिता, ‘सेवकाने स्वतःच्या नावाची पाटी लावणं हा गर्व आहे. सुवार्तेचं दुकान मांडू नका. व्हॉट्सॲप पुरे आहे, आणि हा खर्च गरीब पाळकांना झेपणारा नाही.’

आधी माझी चूक. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टची, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीची, मर्यादा मी २५० नंबर लिहिली होती, ती २५६ आहे. दुरुस्त केलं आहे.

पण ‘दुकान’? मतभेद असू द्या, मंडळीत ते असायचेच. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या हेतूवर शिंतोडे उडवायची ही कुठली रीत? मराठी ख्रिस्ती लेखकांच्या वेबसाइट उभारायचं काम मी चौदा वर्षं करतो आहे. त्यात बहुतेक निवृत्त शिक्षक आणि पाळक. गल्ला भरायला आलेला एकही मला भेटला नाही.

आता गर्वाचं. २ थेस्सलनीकाकरांस ३:१७ उघडा. पौल शेवटचा नमस्कार स्वतःच्या हाताने लिहितो आणि सांगतो की माझ्या प्रत्येक पत्रातली खूण हीच. का, ते त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे: पौलाच्या नावावर खपवलेल्या पत्राने लोकांनी घाबरून जाऊ नये म्हणून. नाव लिहिणं म्हणजे लिहिल्याची जबाबदारी घेणं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मननाखालचं नाव दोन-तीन फॉरवर्डमध्ये गळतं, मग कोणी तरी वचनच बदलतं, आणि जाब विचारायला माणूस उरत नाही. म्हणून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, लेखकाच्याच नावाचं हवं, आणि त्याची नोंदणी लेखकाच्याच ईमेलवर. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर केली की तो नोकरीला परगावी जातो, नूतनीकरणाचं स्मरणपत्र त्याच्याकडे पडून राहतं आणि डोमेन हातचं जातं.

शिवाय ब्रॉडकास्ट पोचतो फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांना. नवा वाचक त्यात कुठून येणार? ग्रुप केलात तर प्रार्थना विनंती टाकणाऱ्या बाईचा आजार आणि फोन नंबर सगळ्यांसमोर. वेबसाइटवरचा विनंतीचा फॉर्म फक्त लेखकाच्या इनबॉक्समध्ये जातो. तसाच तो ठेवायचा, पानावर कधी दाखवायचा नाही.

वेबसाइटवर खरी मेहनत पैशाची नसते, जुन्या मजकुराची असते, आणि त्याबद्दल आपण एक अक्षर लिहिलं नाहीत. वीस वर्षांपूर्वीचे लेख युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत; ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर साध्या अक्षरावर निभावतो, जोडाक्षरावर चुकतो: ‘ख्रिस्ती’चं ‘ख्िरस्ती’ होतं, ‘धर्म’चं ‘धमर्’. मग ‘ख्रिस्ती’ शोधणाऱ्याला तो लेख कधीच सापडत नाही. उपाय सोपा आहे, वेळखाऊ आहे. रूपांतरानंतर हलन्ताला (पाय मोडलेल्या अक्षराला) चिकटलेली वेलांटी आणि शेवटी ‘र्’ येणारे शब्द शोधून दुरुस्त करायचे, आणि मग छापील अंक शेजारी ठेवून एकदा ओळ न् ओळ वाचायची. वचनांचे संदर्भ सगळीकडे एकाच प्रकारच्या आकड्यांत, देवनागरी किंवा इंग्रजी, लिहायचे, म्हणजे ‘योहान ३:१६’ शोधलं की सगळे लेख मिळतात.

पूर्ण अध्याय चढवायचे तर बायबल सोसायटीच्या भाषांतराला त्यांची परवानगी लागते. बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंचं निधन १९२२ चं, आणि आपल्याकडे लेखकाचा हक्क (कॉपीराइट) निधनानंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे त्यांचं भाषांतर मोकळं आहे.

खर्चाचं उत्तर मूळ लेखात आहे, तो पूर्ण वाचा.

पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने पाठवा. तिलाही उत्तर देईन.