उपासाची भगर आणि आपली भीड

गेल्या एकादशीला नाशिकला माझ्या माहेरी भगर आणि दाण्याची आमटी खाल्ल्यावर दोन-अडीच तासांत आई, दादा आणि वहिनी यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. आईला तर चक्कर येऊन उभेही राहवेना. उपास न करणारा भाचा वरणभात जेवला होता, तो ठणठणीत होता. डॉक्टरांनी सलाईन लावले, इंजेक्शने दिली आणि रात्री सगळे घरी परतले. एवढ्यावर निभावले, हे देवाचे उपकार. मला खुपले ते नंतरचे बोलणे. उरलेली भगर पिशवीसकट जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा, असे मी ब्रिटनमधून, जिथे मी राहते तिथून, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले. त्यावर काकांचे उत्तर आले, की उपासाच्या अन्नाला नावे ठेवू नयेत, दुकानदार तीन पिढ्यांच्या ओळखीचा आहे, आणि नाजूक पोटे तुमच्या तिकडच्या लोकांची असतात, आमची नव्हेत. त्याखाली पटापट अंगठे उमटले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या एका गावात एकादशीच्या प्रसादातून विषबाधा होऊन शेकडो माणसे आजारी पडली. तेव्हाही पदार्थ भगर आणि आमटी हेच होते. रुग्णालयात खाटा पुरेनात, म्हणून रस्त्याकडेला माणसे झोपवून वर बांधलेल्या दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ते छायाचित्र मी इथे वेल्समधल्या कार्डिफमध्ये बसून पाहिले आणि आजही ते डोळ्यांसमोरून हलत नाही. ती पोटे परदेशातली नव्हती. शेतात राबणाऱ्या, भाकरी-ठेचा पचवणाऱ्या माणसांची ती पोटे होती.

भगरीला ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीतून विषारी द्रव्ये तयार होतात. धान्य शिजवले म्हणून ती नाहीशी होतीलच असे नाही, त्यामुळे ‘चांगली उकळली होती’ या समाधानाला अर्थ उरत नाही. भगर सुटी न घेता तारीख पाहून पाकीटबंद घ्यावी, कोरड्या घट्ट डब्यात ठेवावी, निवडून धुऊन घ्यावी, पीठ हवे असल्यास लागेल तेवढेच ताजे दळावे आणि मागच्या उपासाचे उरलेले वापरू नये. यातले काहीही परदेशी नाही. माझी आजी पावसाळ्यात एवढे सगळे न सांगता करत असे.

राहिला ओळखण्याचा प्रश्न. एकच पदार्थ खाल्लेली माणसे साधारण एकाच वेळी आजारी पडली आणि तो न खाल्लेला माणूस धडधाकट राहिला, तर संशय त्या पदार्थावर घ्यायचा असतो. आमच्या भाच्याच्या वरणभाताने ते काम चोख केले होते, पण काय खाल्ले हे डॉक्टरांनी विचारलेच नाही. दर वेळी शेवटचे जेवणच दोषी असते असेही नाही. काही जंतूंचे विष तासाभरात ओकारी काढते, साल्मोनेलाला सहा तासांपासून तीन दिवसही लागतात आणि कच्च्या कोंबडीतून येणारा कॅम्पिलोबॅक्टर तर बहुधा दोन ते पाच दिवसांनी डोके वर काढतो. शौचातून रक्त पडणे, लघवी थांबणे किंवा गुंगी येणे यांपैकी काही दिसले, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर बाई वा वृद्ध असेल, तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नये.

‘तिकडे काय कोणी आजारी पडत नाही का?’ असेही काकांनी विचारले. पडतात, मरतातही. २००५ साली इथेच दक्षिण वेल्समध्ये शाळांना पुरवलेल्या शिजवलेल्या मांसातून ई-कोलाय या जंतूची लागण झाली, दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि पाच वर्षांचा एक मुलगा गेला. खाटकाच्या कारखान्यात कच्चे आणि शिजवलेले मांस एकाच यंत्रात पॅक होत होते. त्याची जाहीर चौकशी झाली, २००९ मध्ये अहवाल आला आणि २०१३ पासून वेल्समध्ये हॉटेलच्या दारावर स्वच्छतेचे गुण लावणे सक्तीचे झाले. शून्य मिळाले तरी ते शून्य दारावरच लावावे लागते. इथे जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, विषबाधेचा संशय आला तरी तो कळवावा लागतो, मग काउन्सिलमधून, म्हणजे स्थानिक पालिकेतून, फोन येतो आणि मागच्या काही दिवसांत काय काय खाल्ले याची उजळणी करावी लागते. त्यात कोणाचा अपमान झाला असे कोणालाही वाटत नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार डॉक्टरांना विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार अन्न प्राधिकरणाला आहे, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा निःशुल्क क्रमांकही आहे. अडते ते भिडेपाशी.

मी हे लिहिते तेव्हा ‘बाहेरची’ ठरते, हे मला कळते. माहेरी गेले की वहिनी माझ्यापुढे न सांगता विकतच्या पाण्याची बाटली ठेवते आणि बाकीचे माठातले पाणी पितात. तिची माया मला दिसते, तरी ती बाटली मला पंक्तीतून उठवल्यासारखी लागते. म्हणूनच कदाचित मी गटावर इतकी तावातावाने बोलते. त्या घरात काय शिजते याची काळजी करण्याचा हक्क मला अजून आहे, असे मी मानते आणि तो मी सोडणार नाही.

अखेर दादाने दुकानदाराला फोन केला. आणखी दोन घरांत असेच झाल्याचे त्यानेच सांगितले. त्या दोन्ही घरांनीही कुठे कळवलेले नव्हते. गोणी त्याने बाजूला काढली आहे. मात्र घाऊक व्यापाऱ्याकडून तोच माल आणखी किती दुकानांत गेला, हे शोधणे त्याच्या हातात नाही. ते अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचे काम आहे आणि त्यासाठी दादाला तक्रार नोंदवावीच लागेल.