तापीपलीकडचं जैनाबाद

आम्हा रावेरकडच्या लोकांना बऱ्हाणपूर कधी परकं वाटलंच नाही. मध्ये राज्याची हद्द आहे खरी, पण सोयरीक तिकडची, लग्नाचा बस्ता तिकडचा आणि येताना मावा जिलबी हवीच. मात्र तापी ओलांडून समोरच्या जैनाबादला गेलेला माणूस शोधून सापडत नाही. मागच्या महिन्यात मी निघालो तर रिक्षावालाच म्हणाला, "वहाँ क्या है साहब?"

काय आहे, तेच सांगतो.

नासिरखान फारुकीने खानदेशची नवी राजधानी तापीकाठी वसवली, तेव्हा दोन काठांना खुलताबादच्या दोन सुफी संतांची नावं मिळाली. एक बुरहानुद्दीन, दुसरे त्यांचे शिष्य जैनुद्दीन. गुरूच्या नावाचं गाव राजधानी झालं, शिष्याच्या नावाचं पलीकडे राहिलं. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला, फारुकी संपले, बऱ्हाणपूर मोगलांचं दख्खनमधलं ठाणं झालं. जैनाबाद मात्र या ठाण्याची बागच राहिलं. तिथल्या बागेचं नाव आहुखाना. आहू म्हणजे हरीण.

जून 1631 मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल बऱ्हाणपुरात गेली. तिला पहिल्यांदा माती दिली ती याच जैनाबादच्या बागेत. डिसेंबरमध्ये तिचा देह आग्र्याला नेला. म्हणजे जवळपास सहा महिने ती आपल्या तापीकाठी होती! आम्ही शाळेची सहल घेऊन आग्र्याला जातो आणि हाकेच्या अंतरावरचं हे गाव पोरांना दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

औरंगजेबाला भुलवणारी हिराबाई इतिहासात 'जैनाबादी' म्हणूनच ओळखली जाते. अख्ख्या बादशाहीत गावाचं नाव मिरवलं ते एका गाणाऱ्या बाईने.

आहुखान्यात मी तासभर बसलो. पाण्याचे पाट कोरडे. चुन्याच्या गिलाव्यावर कोणी खिळ्याने बदाम कोरून दोन नावं लिहिलेली. कोपऱ्यात शेळ्यांच्या लेंड्या. जवळच्या मळ्यातून एक म्हातारे बाबा आले, न विचारता तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाले, "राणीला बघायला आले का?" चारशे वर्षं होत आली, तरी त्यांच्या तोंडी ती नुसती 'राणी'च. नाव घ्यायची गरजच नाही.

येत्या रविवारी दोन्ही पोरींना घेऊन परत जातोय. कोणाला यायचं असेल तर सकाळी रावेर स्टेशनवर भेटा.