साहेबांची वेलांटी

वीस रुपये घेतले फ्लेक्सच्या दुकानातल्या पोरानं. दहा प्रिंटचे आणि दहा 'सेटिंग'चे. सेटिंग कसलं, तर माझी फाइल उघडल्यावर अक्षरांच्या जागी चौकोन दिसायला लागले म्हणून त्यानं फॉन्ट बदलला, त्याचे. आणि याच माणसाचं अख्खं फ्लेक्स मी अर्ध्या तासापूर्वी फुकट तपासून दिलं होतं.

झालं असं, की एका दैनिकात मुद्रितशोधकाची, म्हणजे प्रूफरीडरची, जागा निघाली. नोकरी छत्रपती संभाजीनगरला, मी परभणीचा. रविवारी लेखी परीक्षा. जाहिरातीत 'मुद्रीतशोधक पाहीजेत' असं छापलं होतं. ही चूक म्हणावी की परीक्षेतला पहिला प्रश्न? जाहिरात दुरुस्त करून अर्जाला जोडावी का, यावर आमच्या घरात दोन तट पडले. आई म्हणाली, "जोडू नको, त्यांना राग येईल." घरात नोकरीची समज तिलाच आहे.

मग तयारी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम सरकारनं 1962 साली मान्य केले, 1972 साली त्यांत आणखी 4 पडले. एकूण 18. एवढं काय त्यात, असं मलाही आधी वाटलं होतं. फूल दीर्घ, पण फुलाचा ऱ्हस्व. गरीब दीर्घ, पण गरिबाला ऱ्हस्व. म्हणजे गरिबाला काही द्यायला जावं तरी आधी त्याचंच काहीतरी काढून घेतात. परीक्षा मात्र परीक्षेतसुद्धा दीर्घच राहते, कारण ती पडली संस्कृतातली, तिला सवलत आहे. 'कृषी विद्यापीठ' सुटं लिहिलं तर दीर्घ, 'कृषिविद्यापीठ' जोडून लिहिलं की ऱ्हस्व. आमच्या गावात 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या फाटकावरून मी आयुष्यभर निवांत ये-जा केली. आता नाही करता येत.

कारण एकदा ही नजर लागली की सुटत नाही. 'शुध्द शाकाहारी' लिहिलेल्या हॉटेलात घास उतरत नाही. 17 सप्टेंबर जवळ आला की गावभर बोर्ड लागतात. निजामाच्या राजवटीतून आपण 1948 साली सुटलो, पण 'मुक्तीसंग्राम'मधली ती दुसरी वेलांटी अजून ठाण मांडून आहे. सरावाला जुने पेपर घेतले तर त्यांत औरंगाबाद आणि उस्मानाबाद. 2023 साली नावं बदलली. मग हे दुरुस्त करायचं की नाही? मुद्रितशोधकानं शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह टाकायचं असतं. माझे समास प्रश्नचिन्हांनी भरले.

तर असाच सरावाचा एक उतारा छापून आणायला मी त्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, तुम्ही शुद्धलेखनवाले ना? एवढ्यावर जरा नजर मारा की."

स्क्रीनवर वाढदिवसाचं फ्लेक्स होतं. मधोमध साहेब, कानाला मोबाइल. खाली तीन रांगांत मुंडकी. 'हार्दीक शुभेच्छा', 'दिर्घ आयुष्य लाभो हिच सदिच्छा', 'शुभेच्छूक : समस्त मित्रपरीवार'. एवढं खाद्य एका जागी मला सरावातसुद्धा मिळालं नव्हतं. मी बसलो आणि सगळं नीट करून दिलं. खरं सांगतो, त्या दोन मिनिटांत फार बरं वाटलं.

तेवढ्यात ज्याचं फ्लेक्स होतं तो कार्यकर्ता आला. गाडी बंद न करताच आत आला.

"हे कोणी बदललं?"

"मी."

"कामून?"

"चुकलं होतं."

"साहेबांच्या बोर्डावर?" आवाज असा चढला, की शेजारच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. "'हार्दीक'ला दुसरी वेलांटी होती. तुम्ही पहिली केली."

"पहिलीच असते."

"म्हणजे शुभेच्छा आखूड केल्या ना!" मग दुकानदाराकडं वळून, "विरोधकांचा माणूस हे का हा?"

मी म्हणालो, "अहो, 'दिर्घ'ला पहिली होती, ती मी दुसरी केली. साहेबांचं आयुष्य वाढवलं." त्यानं खरोखर विचार केला. मला वाटलं, जिंकलो.

"तेवढी ठेवा. बाकीच्या जशा होत्या तशा करा. साहेबांना दुसरी वेलांटी लाभती. मागच्या इलेक्शनला असाच एक मास्तर भेटला होता, सगळं शुद्ध करून दिलं त्यानं. एकशे बारा मतांनी पडलो."

याला कोणता नियम लावणार? प्रुफावरची दुरुस्ती रद्द करायची असेल, तर त्या शब्दाखाली टिंबं देतात, म्हणजे 'मूळचं राहू द्या'. मी मनातल्या मनात सगळ्या बोर्डाखाली टिंबं दिली.

भांडण मिटवायला पोरगा म्हणाला, "दादा, सर पेपरात लागायलेत."

कार्यकर्त्याचा चेहराच बदलला. "पेपरात? मग आधी सांगायचं ना सर! चहा सांग रे." आणि खुर्ची माझ्याकडं ओढून, "वाढदिवसाची बातमी तेवढी लावा. फोटो मोठा. वेलांटी तुम्हाला आवडंल ती द्या, बातमीत आपलं काही म्हणणं नाही."

मी सांगितलं, की अजून परीक्षाच व्हायचीय, आणि लागलो तरी बातमी लावणारे वेगळे, मी फक्त चुका बघणार.

"फक्त चुका?" तो म्हणाला. चहा आला तो एकच, आणि तो त्यानंच घेतला.

चहाचं सोडा. पण 'फक्त चुका' हे त्याचं एकट्याचं मत नाही. पूर्वी छापखान्यात एक जण मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा गॅलीवर, म्हणजे कच्च्या छपाईच्या कागदावर, खुणा करायचा. एका चुकीमागं दोन माणसं पगारावर असायची. आता पान लावणाऱ्यानंच वाचायचं, उपसंपादकानंच वाचायचं, आणि रात्री पान सोडायची घाई असते तेव्हा कोणीच वाचायचं नाही. त्यातून एखादी जागा निघालीच तर तिला 'मानधन' असतं, आणि आकडा विचारला की 'प्रत्यक्ष भेटीत बोलू'. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्या आनंदाचे बोर्ड मीही बघितले. त्यांच्याबद्दल बोलत नाही.

तरी मी फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वाचतोय. शेवटून सुरुवातीकडं, म्हणजे अर्थ मधे येत नाही आणि डोळा घसरत नाही. मित्र म्हणतात, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'; तुला तर हरायला जागाच नाही, तू इथलाच.

आज सकाळी फ्लेक्सवाल्या पोराचा फोन आला. "सर, लग्नपत्रिकेचं काम आलंय. मुलीकडचे लई कडक हेत, एक चूक नको म्हणायलेत. दुपारी येऊन वाचून जाता का?"

मी घसा साफ करून विचारलं, "किती देशील?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, लिहायचं नाही ओ, नुसतं वाचायचं हे."