स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या छोट्या प्राण्याच्या वासाबद्दल : माझाच मेसेज दुरुस्त करतोय

मंडळी, "कुत्र्यावर स्कंकने फवारा मारला तर टोमॅटोच्या रसाने न्हाऊ घाला, किंवा पेरॉक्साइड-सोड्याचं मिश्रण आधीच बाटलीत भरून ठेवा" हा मेसेज आपल्या न्यू जर्सीच्या ग्रुपवर फिरतोय. गेल्या महिन्यात मीच तो पुढे ढकलला होता. चूक माझी.

टोमॅटोने वास जात नाही. आपलं नाक त्याला सरावतं, इतकंच. आमच्या कुत्र्याला चार डबे चोळले; बाहेरून आलेल्या मुलाने दारातच नाक धरलं. (बाथरूमच्या फरशीच्या फटी अजून लालसर आहेत.)

मिश्रणाचं मात्र खरं आहे. केमिस्ट पॉल क्रेबाउम यांची ही कृती १९९३ साली प्रसिद्ध झाली : ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण १ लिटर, पाव कप खायचा सोडा, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. वास येतो तो फवाऱ्यातल्या थायॉल नावाच्या गंधकयुक्त संयुगांचा. पेरॉक्साइड त्यांचं रूपच पालटतं. पण हे कालवायचं ते आयत्या वेळी. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, बंद बाटली फुटू शकते. डोळ्यांत जाऊ देऊ नका, पाच मिनिटांनी धुवा, उरलेलं ओतून द्या.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा टाका.